आईचे राणीछाप रुपये आणि दागिने नाशिकहून दुबईला नेता येतील का?

राणीछाप रुपये नेऊ नका; दागिने नेता येतील. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षं उलटलेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते घरच्या देव्हाऱ्यातलं का असेना. व्हिक्टोरिया राणीचा रुपया फार तर 1901 चा, म्हणजे प्रश्नच मिटला. पंचम जॉर्जच्या रुपयाचं साल मात्र बघा, आणि 100 वर्षं झाली नसली तरी पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तसा दाखला जवळ असू द्या.

दागिन्यांचं मी सराफ बाजारात मूल्यांकन करतो, म्हणून कळकळीने सांगतो: जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्याच. वजन, कॅरेट आणि फोटो असलेला मान्यताप्राप्त मूल्यांककाचा कागद सोबत हवा. दागिने प्रत्यक्ष दाखवावे लागतात, तेव्हा ते चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. निर्यात प्रमाणपत्र नसलं तर परतताना आईच्याच पाटल्या इथूनच नेल्या होत्या हे पटवताना नाकी नऊ येतात.