वडिलांना डोळे मिटून उभं करून कोणी बघितलं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वडील दिवसा बांधावरून नीट चालतात, पण लाईट गेली की भिंत धरतात, आंघोळीत डोक्यावर तांब्या ओतताना झोक जातो, आणि चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. चपलेची ओळ वाचली आणि मला आमची आई दिसली. सहा वर्षांपूर्वी, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात, हेच सगळं. ती म्हणायची, "पोरा, कापसावर पाय पडल्यावानी व्हायलंय." आम्ही म्हणायचो अशक्तपणा आहे, आराम कर.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. माझ्यावरून औषध ठरवू नका. पण तुम्हीच म्हणता की ते अजून पोतं उचलतात. मग ताकदीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

उभं राहायला ताकदीइतकीच खबर लागते. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणून पोटऱ्या आपल्याला सारख्या मागे ओढून धरतात. किती ओढायचं ते तिघांच्या खबरीवर ठरतं: डोळे, कानाच्या आतला तोलाचा भाग, आणि तळपाय, सांधे, स्नायू. स्नायू जरासा ताणला गेला तरी त्यातले बारीक तंतू जाड नसांमधून मज्जारज्जूला कळवतात. काही हुकूम तिथूनच परत फिरतात, बाकीची खबर वर मेंदूकडे जाते. तांब्या उचलायला हात हलायच्या आधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू आवळलेले असतात, इतकी ही जुळणी पुढची आहे. पायांची खबर तुटली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. उजेड आहे तोवर निभतं. अंधार पडला, डोळ्यांवर पाणी आलं, की तोल जातो.

आता आमचं कुठे चुकलं ते सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात अकरा महिने गेलो, नाव लिहीत नाही. कंबरेचा एमआरआय काढला, मणक्याची गादी सरकलेली निघाली, पट्टा आला, रक्तवाढीच्या गोळ्या आल्या. त्या वयात कंबरेच्या फोटोत काही ना काही निघतंच, हे तेव्हा माहीत नव्हतं. दर खेपेला आईला टेबलावर झोपवून पाय दाबून बघायचे, ट्यूबलाईटखाली चार पावलं चालवायचे आणि म्हणायचे, ताकद तर चांगली आहे. अकरा महिन्यांत एकदाही कोणी म्हटलं नाही, "मावशी, पाय जुळवा आणि डोळे मिटा." अर्ध्या मिनिटाचं काम! बर्लिनच्या रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात लिहून ठेवलेली खूण आहे ती. मला अजून राग येतो.

पुढे दुसऱ्या शहरातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी हे पहिल्याच भेटीत केलं. डोळे मिटताच आई झुकली, त्यांनी धरलं. घोट्याच्या हाडावर कंपनकाटा टेकवला तर थरथर तिला कळेना. रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व फार कमी निघालं. आई माळकरी, म्हैस विकल्यापासून दूध चहापुरतं, वर शुगरची मेटफॉर्मिन गोळी, तिनेही बी-१२ उतरतं. वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय नसांवरचं आवरण झिजतं. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने ही खबर वर जाते, तिथे आधी मार बसतो. त्या रक्तवाढीच्या गोळ्यांत फॉलिक ॲसिड होतं. त्याने रक्त सुधारतं, पण नसांची झीज थांबत नाही. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून आम्ही समाधानात होतो आणि आतून नुकसान चालूच होतं.

माळ उतरवायची गरज नाही, सुया आणि गोळ्या मिळतात. आई आता आधाराशिवाय चालते, पण तळपायाची बधिरता पूर्ण गेली नाही. उशिराची किंमत ती.

तुमच्या वडिलांना हेच असेल असं मी म्हणत नाही. शुगरने, कानाच्या दुखण्याने, मानेत मज्जारज्जू दबल्यानेही तोल जातो. म्हणून तज्ज्ञांकडे जाच, आणि चपलेची, अंधाराची गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. घरी डोळे मिटवून बघायचं असेल तर दोन्ही बाजूंना माणूस हवा.

रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. चप्पल मागून पट्ट्याची घ्या. काठी द्या, ते नको म्हणतील तरी. बोटाच्या टोकाने १०० ग्रॅमपेक्षाही कमी भार देऊन कशाला तरी स्पर्श केला तर माणसाचं डोलणं कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. एवढ्याशा भाराने कोणी पेललं जात नाही, पण जमिनीची खबर हातातून मिळते.

आणि एक, तपासणीला रक्त देण्याआधी गावात कोणाकडून लाल ताकदीची सुई टोचून घेऊ देऊ नका. तिच्यात बी-१२ असतं, मग तपासणीत त्याचा आकडा चांगला दिसतो आणि खरं दुखणं झाकतं. आधीच टोचली असेल तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा.