आजारी घरातला स्वयंपाक आणि हिवाळी खोकला

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एकाच आठवड्यात सासरे, तुझा तीन वर्षांचा मुलगा आणि माहेरी आलेल्या नणंदेचे आठ महिन्यांचे बाळ असे तिघेही खोकल्या-तापाने पडले, त्यात मुलाचा वाढदिवस तोंडावर आला, आणि औषधांच्या प्रश्नांच्या मधोमध तू ‘ओव्हन नाही, तर केक कसा करू’ असेही विचारलेस. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. आजारी घरात बाईचे हात आणि डोळे सर्वांत जास्त वेळ चुलीपुढे अडकतात, आणि ते मोकळे झाल्याशिवाय आजाऱ्याकडे नीट पाहणे होत नाही. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरताना मी पाहिले आहे की लेकराचा श्वास लागल्याचे उशिरा कळते ते बहुधा आईच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर आई पोळ्या लाटत असते म्हणून.

तेव्हा आधी पोळ्यांचा विचार कर. पोळी एकेक लाटावी आणि एकेक शेकावी लागते. भाजण्याच्या पदार्थात कष्ट आधी होतात आणि पुढचे काम विस्तव करतो. आपल्या वऱ्हाडात गोवऱ्यांचा जगरा, म्हणजे पेटवलेल्या गोवऱ्यांचा ढीग, हीच भट्टी आहे. जाडसर दळलेल्या कणकेत ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळावी, छोट्या पुऱ्यांना तेल लावून त्या एकावर एक रचाव्यात, त्यांचा गोळा बांधावा, आणि धूर सरून लाल आर उरला म्हणजे हे गोळे, म्हणजेच रोडगे, त्यात भाजायला घालावेत. मध्ये ते उलटवले की राखेत मुरेपर्यंत दुसरे काही करावे लागत नाही. शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीला जगरा पेटवण्यापासून फडक्याने राख झटकण्यापर्यंत सारे गडी माणसे हौसेने करतात. मग घरात तिघे आजारी असताना तेच हात अंगणात का चालू नयेत, हे जावईबापूंना माझे नाव सांगून विचार. एका वेळचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण झाले की धडधाकट माणसांचे दोन्ही वेळचे जेवण निभते. जगरा मात्र घरापासून दूर आणि वारा घराकडे येणार नाही अशा बाजूला पेटवावा, कारण सासऱ्यांना दमा आहे आणि घरात तान्हे बाळ आहे.

केकसाठी जुने, जाड बुडाचे पातेले काढ. त्यात बोटभर जाडीचा मिठाचा थर पसरून त्यावर एखादी वाटी पालथी घाल आणि झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटे तापू दे. कुकरच वापरणार असशील तर शिटी आणि रबरी रिंग दोन्ही काढून ठेव, कारण येथे वाफ कोंडायची नसते. पाऊण वाटी किसलेला गूळ एक वाटी दह्यात आणि अर्ध्या वाटी तेलात विरघळेपर्यंत फेटून घे, त्यात दीड वाटी कणीक आणि चिमूटभर मीठ मिसळ, घट्ट वाटल्यास थोडे पाणी घाल, आणि अगदी शेवटी पाऊण चमचा खाण्याचा सोडा घालून मिश्रण लगेच तेल लावलेल्या डब्यात ओत. सोडा आंबट दह्याला भेटताच वायू सुटू लागतो, आणि तो उडून जाण्याआधी डबा तापलेल्या पातेल्यात गेला तरच केक फुगतो. थंडीत दही गोडसर आणि अर्धवट लागते, म्हणून विरजण आदल्या दिवशी उबेला ठेव. ४० ते ४५ मिनिटांनी सुरी खुपसून पाहा. कोरडी निघाली म्हणजे झाले. या वेळात तुला कोणी हाक मारली तर गॅसपासून खुशाल उठता येते, आणि आजारी घरात या पदार्थाचा मला वाटणारा मोठा गुण तोच आहे.

आता त्या मोकळ्या वेळात काय पाहायचे ते सांगते. लेकरू शांत असताना, रडत किंवा खेळत नसताना, अंगावरचा कपडा वर करून त्याच्या पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिन्यांपुढच्या, पण एक वर्षाखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो साधा खोकला समजू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, प्यालेले सगळे उलटत असेल, झटके आले असतील किंवा ते जागे करूनही जागे होत नसेल, तर मोजत बसू नकोस, १०८ ला फोन कर. म्हातारपणी ताप फारसा चढत नाही आणि आजार तरी वाढत असतो, म्हणून सासरे अचानक असंबद्ध बोलू लागले किंवा एक वाक्यही एका दमात बोलू शकले नाहीत, तर तेही तितकेच गंभीर समज.

औषधांबाबत मी थोडी कठोर आहे. खोकल्याची बाटली लहान मुलाला देऊ नकोस, मग ती शेजारणीने दिलेली असो किंवा मागच्या वर्षीची उरलेली. तुझ्या वरूडहून मध्य प्रदेशची हद्द किती जवळ आहे, हे तुला ठाऊकच आहे. २०२५ साली त्याच बाजूच्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन कित्येक लेकरे गेली, आणि त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत. तापासाठी पॅरासिटामॉल चालते, पण त्याची मात्रा वजनावर ठरते, आणि ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची व २५० मिलिग्रॅमची अशा बाटल्या दिसायला सारख्याच असतात. म्हणून मुलाचे वजन आणि हातातली बाटली दोन्ही गावच्या आशा कार्यकर्तीला दाखवून घे. दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, आणि ‘पोराला सुई द्या’ असा आग्रह सासूबाईंनी धरला तरी तू आदराने, पण ठामपणे नाही म्हण.

तुझ्या मुलाला रात्री झोपताना एक चमचा मध दिला तर खोकल्याची उबळ कमी होते. आठ महिन्यांच्या बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये, कारण एक वर्षाआधी मधातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. गुळाचा केकही त्याला देऊ नका. बाळाचे दूध चालूच राहू दे. मोठ्यांना मुगाचे वरण, ज्वारीच्या कण्या, जे जाईल ते थोडे थोडे द्यावे आणि ताप असताना जेवणाचा आग्रह करू नये. संत्र्याने सर्दी होते हा समज संत्र्यांच्या बागांतच सर्वांत घट्ट रुजलेला दिसतो, याचे मला नेहमी नवल वाटते. लेकराने मागितले तर खुशाल सोलून दे. पेटलेली शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही.

वाढदिवस चार दिवस पुढे गेला तरी तीन वर्षांच्या मुलाला तिथी कळत नाही, म्हणून ताप उतरू दे आणि मगच केक कर. त्यावर मेणबत्त्या लावून खोकणाऱ्या मुलाला फुंकर घालायला लावू नका. औक्षण करून केक कापा. बाळाचा श्वास आज रात्री आणि उद्या सकाळी मोजून दोन्ही आकडे मला फोनवर सांग, आणि ते ५० च्या आसपास दिसले तर माझ्या उत्तराची वाट न पाहता आधी दवाखाना गाठ.

तुझी,
मावशी