नवीन प्लॉटिंगचा पावसाच्या पाण्याचा ड्रेनेज प्लॅन तपासायला आलाय, सुरुवात कुठून करू?

पाइपच्या साइझवर नंतर या, आधी कंटूर शीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) उघडा आणि बघा की लेआउटच्या बाहेरून, वरच्या अंगाने किती पाणी आत येतंय, कारण बरेच जण फक्त आपल्या हद्दीतलंच क्षेत्र धरतात आणि पाण्याला काय हद्द कळत नाही.

मग रनऑफचा, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा हिशोब. छोट्या लेआउटला क्यू = सीआयए/३६० चालतं (सी म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो आकडा, आय पावसाचा जोर मिमी प्रति तास, ए क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद). समजा ४ हेक्टर मोकळी जमीन, सी ०.३, पाऊस तासाला ६० मिमी, तर ०.२ येतं, पण घरं नि रस्ते झाल्यावर सी ०.७ धरला की तेच ०.४७ च्या आसपास जातं, म्हणजे दुपटीहून जास्त!! हे जादा पाणी कुठे थांबवणार, तळं आहे का, त्याचा आउटलेट केवढा आणि पुढे गाळ कोण काढणार हे लेखी मागा, सोसायटी बघेल असं मोघम उत्तर घेऊ नका.

आउटफॉलला, म्हणजे पाइप नाल्यात सुटतो तिथे, तर हमखास गडबड असते. नाल्याची पूरपातळी पाइपच्या तोंडाच्या वर असेल तर पाणी उलटं चढणार, तेव्हा दोन्ही लेव्हल एकाच डेटमवर (उंची मोजायच्या एकाच शून्यापासून) आहेत ना ते नीट बघा.

बाकी उतार, चेंबरमधलं अंतर, पुढचा पाइप मागच्यापेक्षा लहान नाही ना, हे पटापट होतं. आणि हो, पाइप तुंबले तर पाणी रस्त्यावरून जाईल की कोणाच्या घरात, तो मार्ग प्लॅनवर बाणांनी दाखवायला लावा.