घरातलं दुःख लिहिलं, तर ती बेइमानी होते का?

“भाऊ गेला आणि मला विषय मिळाला. हे मनात आलं की स्वतःचीच किळस येते.”

समोर बसलेल्या बाई पूर्वी लेखापरीक्षक होत्या. भावाच्या मृत्यूनंतर नोकरी सोडून त्यांनी कादंबरी हाती घेतली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरातलं दुःख लिहायला घेणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न छळतो.

रुग्णालयाचं प्रकरण त्या पुन्हा पुन्हा लिहीत होत्या. मी ते वाचायला मागितलं. औषधांच्या वेळा, डॉक्टर कधी आले, कोण कुठे उभं होतं, सगळं बिनचूक. एक मिनिट इकडचं तिकडे केलं तरी खोटं बोलल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. मी विचारलं, “तो चिडला की काय करायचा?” त्या गप्प झाल्या. कादंबरीत भाऊ यायचा तोच मुळी खाटेवर. त्याची टिंगल, त्याचे हट्ट, त्याच्या थापा कुठेच नव्हत्या. मरण लिहिल्याचा सल होताच, पण भाऊच पुस्तकात नाही याचा सल त्याहून मोठा असावा, असं मला वाटलं. पुढचे काही आठवडे त्यांनी फक्त जिवंत भाऊ लिहिला.

नोकरीचा मुद्दा मात्र त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली: माणूस काही वेळ दुःखात असतो, काही वेळ बदललेल्या आयुष्याच्या कामांत, आणि ही ये-जा चालू राहणं गरजेचं असतं. पूर्वी आकडेमोडीत या बाईंचं मन दिवसातले काही तास दुसरीकडे जायचं. आता दिवसभर तीच खाट, तोच वास. आम्ही लिहिण्याची वेळ सकाळपुरती बांधून घेतली, आणि दुपारी त्यांनी हिशेबाची थोडी कामं पुन्हा धरली. नातेवाइकांना ती माघार वाटली. वाटू दे.

श्रद्धेची गाठ अधिक चिवट होती. आई अजून रोज प्रार्थना करते आणि कादंबरीतली बहीण देवाला जाब विचारते. “आईला वाटेल, मी तिची थट्टा केली.” धर्म आणि मानसिक ताण यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या केनेथ पार्गामेंट यांनी देवावरचा राग, त्यानं आपल्याला टाकलं ही भावना यांना श्रद्धेतली झुंज म्हटलं आहे. भाविकांमध्येही ती आढळते. भांडायला समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, एवढंच मी म्हटलं.

हा राग आधी कुणालाही न दाखवायच्या कागदावर उतरवा, असं सुचवलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आघाताबद्दल लिहिलं. लिहिल्या-लिहिल्या त्यांचं मन अधिक खिन्न झालं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. म्हणून लिहून झाल्यावर रडू आलं की काही बिघडलं, असं लगेच समजू नये. मात्र वर्ष उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ रोज तितकीच तीव्र असेल आणि दैनंदिन व्यवहार ठप्प असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. जगू नये असं वाटत असेल तर वर्षाची वाट न पाहता, त्याच दिवशी.

परवानगीचं काय? इथे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. आपला राग, आपली शंका लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. भावाच्या आजाराचे खासगी तपशील, आईचे उद्गार यांच्यावर इतरांचाही हक्क आहे, ते विचारूनच छापावं.

त्यांनी आईला विचारलं. आईनं रुग्णालयाचं प्रकरण वाचायला नकार दिला, बाकीचं वाचलं आणि एकच प्रसंग काढायला सांगितला. देवाशी भांडणाचा नव्हे. भावानं घरात पैसे चोरल्याचा. तो काढायचा की नाही, यावरून दोघींची अजून वादावादी चालू आहे.