आधी टीव्हीचा आवाज वाढवतो

"मी विड्या वळते, नवरा मागावर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग थांबले आणि मारहाण सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, हाताला काम नाही म्हणून डोकं फिरलंय, दिवस पालटतील. माग कधीच सुरू झाले, मार चालूच आहे. मारताना आधी टीव्हीचा आवाज वाढवतो. इतकी वर्षं गप्प बसले, आता कोण ऐकणार?" – एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

ताई, डोकं फिरलेल्या माणसाला रिमोट बरा सापडतो! भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी ऐकू जाईल एवढं भान त्याला पक्कं आहे. आणि तेव्हा तंबाखू-पान मिळेना म्हणून तुझीही हजेरी बुडालीच होती की. तू कुणावर हात उचललास?

गप्प बसलीस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. विड्या द्यायला कारखान्यात जायचीस, तेवढा तासभर सुटका असायची, तीही बंद. माहेरी जायला एसटी नाही. घरात तो चोवीस तास, मग फोनवर बोलणार कशी? हे ओळखूनच राष्ट्रीय महिला आयोगाने त्या एप्रिलमध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर सुरू केला होता.

उशीर झालेला नाही. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्याखालच्या अर्जाला वर्षभराची मुदत लागू नाही, असं सुप्रीम कोर्टानेच २०२२ मध्ये सांगितलंय. संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 'घर माझ्या नावावर आहे, चालती हो' अशी धमकी त्याने दिली तर घाबरू नकोस. नाव कुणाचंही असो, तिथं राहायचा तुझा हक्क आहे.

सासूबाईंना मात्र यातलं काही सांगू नकोस. त्यांनीही कधीतरी असाच वाढलेला आवाज ऐकला असेल, कोण जाणे.

विडी कार्ड, आधार, पासबुक, पोरांचे दाखले एका पिशवीत घालून भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेव. लागलं तर सरकारी दवाखान्यात जा आणि 'जिन्यावरून पडले' म्हणू नकोस. नवऱ्याने मारलं असंच कागदावर येऊ दे. उद्या विड्या द्यायला जाशील तेव्हा तिथूनच, दुसरीच्या फोनवरून १८१ ही महिला हेल्पलाइन लाव. मार सुरू असेल तर थेट ११२, पोलिसांना.

आणि पुढचं पत्र लिहिशील तेव्हा पत्ता मैत्रिणीचा दे. माझं उत्तर त्याच्या हाती पडायला नको.