पासपोर्टवरचा फोटो आणि आजचा चेहरा जुळत नसेल तर परदेशी जाताना अडवतात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आजारपणात वजन खूप उतरलं, केमोथेरपीत केस आणि भुवया गेल्या, आता केस परत येतायत पण पूर्वीसारखे नाहीत. पासपोर्टची मुदत अजून चार वर्षं शिल्लक आहे, फोटो मात्र आजारपणाच्या आधीचा आहे. विमानतळावर अडवतील का, आणि मुदत असतानाही नवा पासपोर्ट काढावा का?

आधी सरळ उत्तर देते. वेळ हाताशी असेल तर नवा पासपोर्ट काढा. जुन्यावर गेलात तर परत पाठवतीलच असं नाही. बहुतेकांना चार प्रश्न जास्त विचारतात आणि सोडतात. पण आजारातून उठलेल्या माणसाने दर विमानतळावर आपण आपणच आहोत हे सिद्ध करत बसावं, हे मला पटत नाही. पासपोर्टची मुदत शिल्लक असणं वेगळं आणि त्यातला फोटो तुमचा वाटणं वेगळं.

मी विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर कागदपत्रं तपासायचं काम बरीच वर्षं केलंय. लोकांना वाटतं, खरी परीक्षा इमिग्रेशनच्या खिडकीपाशी असते. मी पाहिलंय त्यानुसार बदललेल्या चेहऱ्याची पहिली अडचण त्याच्या आधी, काउंटरवरच येते. पोचायच्या देशाने प्रवाशाला आत घेतलं नाही तर त्याला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, आणि कागदपत्रं नीट तपासली नव्हती असं दिसलं तर अनेक देश वर दंडही लावतात. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला जरा शंका आली तरी तो जोखीम अंगावर घेत नाही, सुपरवायझरला हाक मारतो. इमिग्रेशन अधिकाऱ्याकडे पासपोर्टमधली चिप वाचायचं यंत्र असतं, आधीच्या प्रवासाच्या नोंदी असतात, निर्णय घ्यायचा अधिकार असतो. काउंटरवरच्या माणसाकडे बहुतेकदा फक्त छापील फोटो असतो, आणि मागे रांग वाढत असते.

तो फोटो आणि समोरचा माणूस जुळवणं किती कठीण आहे, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. ओळखीचा चेहरा आपण गर्दीत, अर्धवट वळलेला असला तरी, वीस वर्षांनीही ओळखतो. त्यावरून आपल्याला वाटतं की चेहरे ओळखणं आपल्याला चांगलं जमतं. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत ते जमत नाही. २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २०, असे ४० फोटो लोकांपुढे ठेवले आणि एका व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात लावायला सांगितले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. म्हणजे दोन बायकांत त्यांना सात-आठ जणी दिसल्या. त्या स्त्रियांना ओळखणाऱ्या डच लोकांना हे काम मुळीच अवघड गेलं नाही.

हे सामान्य लोकांचं झालं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर उभा असलेला माणूस आणि फोटो जुळवायचे होते. फोटो दुसऱ्याच कुणाचा असताना १४ टक्के वेळा तो मान्य केला गेला, आणि फोटो खरा असतानाही ६ टक्के वेळा नाकारला गेला. नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झाल्या, असंही आढळलं नाही. हे वाचलं तेव्हा काउंटरवर वाटणारी ती जुनी अस्वस्थता मला एकदम समजली. म्हणून कुणी तुमच्याकडे तीन-तीनदा पाहिलं, तर त्यात आरोप आहे असं कृपा करून समजू नका. त्या माणसाला खरंच कळत नसतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २००३ साली एका प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे पुसून टाकले आणि एकदा भुवया. भुवया नसताना ते चेहरे ओळखणं जास्त अवघड गेलं. केस गेल्याने माणूस वेगळा दिसतो हे आपण धरून चालतो, पण भुवयांकडे कुणाचं लक्ष नसतं. त्या विरळ असतील तर प्रवासाच्या दिवशी पूर्वीच्या वळणाने पेन्सिलीने रेखून घ्या. यात लपवाछपवी काही नाही, समोरच्याला ओळख पटवायला मदतच आहे.

प्रशिक्षणात आम्हाला केस, दाढी, गालांचा भरीवपणा सोडून द्यायला सांगत. पाहायचे ते कान, नाकाची ठेवण, डोळ्यांमधलं अंतर, तीळ, जुने व्रण. वजन तीस किलोंनी उतरलं तरी कानाची पाळी आणि गालावरचा तीळ तिथेच राहतात. म्हणून काउंटरशी आलात की केस कानांमागे घ्या. फोटो चष्म्याशिवाय असेल तर चष्मा काढा, टोपी काढा, चेहरा सरळ ठेवा. तेवढ्याने बऱ्याच जणांचा प्रश्न तिथल्या तिथे मिटलेला मी पाहिलाय.

यंत्राबद्दल लोक जास्त घाबरतात, पण तिथे भीती कमी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासाच्या कागदपत्रांसाठी चेहरा हीच मुख्य जैविक ओळख ठरवली. बोटांचे ठसे आणि बुबुळं ऐच्छिक राहिली. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये तुमचा तोच फोटो डिजिटल रूपात असतो आणि त्यावर तो देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे तो गुपचूप बदलता येत नाही. ई-गेटवरचा, म्हणजे पासपोर्ट यंत्राने तपासून आपोआप उघडणाऱ्या दारावरचा, कॅमेरा तुमचा चेहरा टिपतो, चिपमधल्या फोटोशी ताडतो आणि दोन्हींत किती साम्य आहे याचा एक आकडा काढतो. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की गेट उघडत नाही आणि तुम्हाला माणूस बसलेल्या खिडकीकडे पाठवतात, इतकंच. यंत्राला झाकलेल्या चेहऱ्याचा मोठा त्रास होतो. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने तेव्हाच्या प्रणाली तपासल्या. चेहरा उघडा असताना सर्वांत चांगल्या प्रणाली साधारण ०.३ टक्के वेळा चुकत होत्या. फोटोवर मास्क चढवल्यावर त्यांच्याच चुका ५ टक्क्यांच्या आसपास गेल्या, आणि एरवी चांगल्या म्हणवणाऱ्या काही प्रणाली तर २० ते ५० टक्के वेळा चुकल्या. संसर्गाच्या भीतीने तुम्ही मास्क लावत असाल तर कॅमेऱ्यापुढे तेवढा वेळ तो पूर्ण खाली घ्या.

बोटांचे ठसे आहेतच की, असं म्हणून निश्चिंत होऊ नका. केमोथेरपीतल्या काही औषधांनी, विशेषतः कॅपेसिटाबीनने, तळहातांची कातडी सोलवटते आणि ठसे पुसट होतात किंवा जातातही. २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूरमधल्या ६२ वर्षांच्या रुग्णाची हकिकत आली होती. हे औषध घेत असताना तो अमेरिकेला गेला, ठसे उमटले नाहीत आणि त्याला चार तास थांबवून ठेवलं. जन्मतःच ठसे नसण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक दोषही आहे. त्याला संशोधकांनी ‘इमिग्रेशनला उशीर लावणारा आजार’ असंच टोपणनाव दिलं. जपान २००७ पासून बहुतेक परदेशी प्रवाशांचे ठसे आणि फोटो घेतो, अमेरिका त्याच्या आधीपासून घेते, आणि युरोपच्या शेंगेन क्षेत्राने १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशांतल्या अल्पकाळ येणाऱ्या प्रवाशांसाठी चेहरा आणि ठसे नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. तुमच्या औषधांत कॅपेसिटाबीन असेल तर डॉक्टरांच्या पत्रात ठशांबद्दलचं एक वाक्य आवर्जून लिहून घ्या.

आता नव्या पासपोर्टबद्दल. कोणता बदल ‘मोठा’ मानायचा हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, म्हणून तुमच्या पासपोर्ट खात्याचा नियम वाचा. अंदाज यावा म्हणून अमेरिकेचं उदाहरण देते. तिथे दाढी वाढवली किंवा केस रंगवले तर नवा फोटो लागत नाही. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा झाली, चेहऱ्यावर मोठे टॅटू आले किंवा काढले, वजन खूप वाढलं किंवा उतरलं, तर लागतो. या मापाने तुमचं वजन उतरणं नक्कीच मोठ्या बदलात बसतं. लहान मुलांचे पासपोर्ट अनेक देश पाचच वर्षांचे देतात ते याच कारणाने, आणि तान्ह्या बाळाच्या फोटोवर चार वर्षांचं मूल घेऊन निघणाऱ्यांनीही हा विचार करायला हवा.

फोटो सहा महिन्यांच्या आतला असावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तुमचे केस आणि वजन अजून बदलत असेल आणि प्रवास लांब असेल, तर डॉक्टरांना विचारून प्रकृती स्थिरावेपर्यंत फोटोसाठी थांबा. नाहीतर वर्षभरात हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. डोक्याला स्कार्फ बांधत असाल आणि तो फोटोतही हवा असेल, तर अमेरिकेसारखे देश वैद्यकीय कारणासाठी परवानगी देतात, पण डॉक्टरांच्या सहीचं पत्र मागतात आणि चेहरा पूर्ण उघडा लागतो.

प्रवास जवळ आला असेल आणि नवा पासपोर्ट होण्यासारखा नसेल, तर जुन्या आणि नव्या चेहऱ्यामधला दुवा कागदावर घेऊन निघा. सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे अलीकडचा फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र. त्याखालोखाल रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं पत्र: पासपोर्टमध्ये आहे अगदी तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, उपचारांचा काळ, आणि उपचारांमुळे वजन, केस व चेहरा बदलल्याचा स्पष्ट उल्लेख. पत्र इंग्रजीत किंवा जिथे जाताय तिथल्या भाषेत हवं. आजाराची सगळी कहाणी त्यात नको, ती परक्या माणसाला सांगायला तुम्ही बांधील नाही. दक्षिण कोरियात सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या परदेशी लोकांना परतताना त्रास होऊ लागल्यावर तिथली काही रुग्णालयं पासपोर्ट क्रमांक घातलेलं असं प्रमाणपत्र देऊ लागल्याच्या बातम्या २०१४ साली आल्या होत्या. ते दाखवलं की सोडलंच पाहिजे असा कुठला नियम नाही, पण अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला आधार मिळतो. फोनमध्ये आजारपणाच्या आधीचे, मधले आणि आत्ताचे फोटो तारखांसह ठेवा.

काउंटरवर नेहमीपेक्षा तासभर आधी जा आणि पासपोर्ट पुढे करतानाच सांगा: ‘फोटो आजारपणाच्या आधीचा आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत आहे.’ आधी सांगितलं की समोरचा माणूस साम्य शोधतो. नाही सांगितलं की फरक शोधतो. वेगळ्या खोलीत नेलं तर जा, पण विग किंवा स्कार्फ काढायला सांगितलं तर तो आडोशाला आणि हवं असल्यास स्त्री अधिकाऱ्यासमोरच काढेन, असं शांतपणे म्हणा. ही विनंती अवाजवी नाही. मी स्वतः अशा प्रवाशांना मागच्या खोलीत नेलेलं आहे आणि कुठल्याही सुपरवायझरने त्याला हरकत घेतली नाही.

नवा पासपोर्ट काढलात तर त्याचा क्रमांक बदलेल. तिकिटात, विमान कंपनीला दिलेल्या प्रवासी माहितीत आणि ऑनलाइन घेतलेल्या प्रवेश परवानगीत तो बदलून घ्या. अमेरिकेची ईएसटीए परवानगी (काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय जाण्यासाठी लागणारी ऑनलाइन परवानगी) तर नव्या पासपोर्टवर पुन्हाच घ्यावी लागते. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर तो पासपोर्ट टाकू नका; अमेरिकेसारखे देश जुना आणि नवा दोन्ही एकत्र दाखवले की तो व्हिसा मानतात. बाकीच्या देशांचं त्या-त्या दूतावासाला तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.