वाचकांचे प्रश्न : फोन सुटता सुटत नाही

प्रश्न : सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे. नोट्स व्हॉट्सॲपवर, लेक्चर यूट्यूबवर, त्यामुळे फोन लांब ठेवता येत नाही. इन्स्टाला 30 मिनिटांचा टायमर लावलाय, पण वेळ संपली की मीच तो काढतो. मन घट्ट कसं करू?
– विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : मन घट्ट करायच्या भानगडीत पडू नकोस. कुलूप लावणारा तूच आणि किल्लीही तुझ्याच खिशात, मग ते टिकणार कसं? त्यात ॲन्ड्रॉइडचा ॲप टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो. पावणेबाराला कोटा संपलेली पोरं बारा वाजायची वाट बघत जागी असतात.

परीक्षेपर्यंत इन्स्टा फोनमधून काढ. पासवर्ड ताईला बदलायला सांग, तो तिच्याकडेच राहू दे. यूट्यूब काढता येणार नाही, पण त्याचं पहिलं पान कोरं करता येतं. सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ऑल हिस्टरी'त जाऊन वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी सगळी पुसून टाक. ऑगस्ट 2023 पासून यूट्यूब अशा खात्याला पहिल्या पानावर काही सुचवत नाही. 'इंटिग्रेशन' शोधलंस की इंटिग्रेशनच पुढे येतं. व्हिडिओखालची रांग मात्र तशीच राहते, म्हणून ऑटोप्लेही बंद कर.

नोट्सच्या पीडीएफ शनिवारी झेरॉक्सवाल्याकडून छापून आण. दोन रुपये जास्त जातील, पण एक पान बघायला फोन उघडून अर्धा तास घालवण्यापेक्षा ते स्वस्त. लेक्चर आदल्या रात्री डाउनलोड कर आणि फ्लाइट मोडवर बघ.

बाकीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून टेबलावर ठेवला म्हणजे झालं, असं नाही. 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत आणि काहींचे बाहेरच्या खोलीत ठेवून चाचण्या घेतल्या. फोन सगळ्यांचेच सायलेंटवर होते, तरी बाहेर ठेवणारे टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही खरं. पण करून बघायला खर्च काहीच नाही.

वेळ लावायला साधं गजराचं घड्याळ घे. 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी. आठवड्याने 35, मग 45. बहुतेकांचं गाडं अडतं ते सुट्टीत. रीलला शेवट नसतो, म्हणून पाचाची चाळीस मिनिटं कधी होतात कळत नाही. सुट्टीत तांब्याभर पाणी पी, अंगणात फेरी मार. मध्येच 'अमक्याला मेसेज करायचाय' असं आठवलं, तर वहीच्या मागच्या पानावर लिही आणि पुढे चल. लिहून ठेवलेली गोष्ट डोक्यात भुणभुण करत नाही.

प्रश्न : साड्यांचं दुकान आहे. कोल्हापूर, गोव्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. दर दोन मिनिटांनी फोन बघतो, मग ब्लाऊजपीस कापताना माप चुकतं. धंदा सोडून फोन बंद कसा ठेवू?
– व्यापारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, फोन बंद ठेवू नका, फक्त गिऱ्हाइकं आणि गणगोत वेगळे करा. दुसरं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. घरचे, गल्लीचे, मंडळाचे ग्रुप जुन्या नंबरवर राहू देत. त्यांना 'ऑलवेज' म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका.

बिझनेस टूल्समध्ये 'अवे मेसेज' आहे, त्यात लिहा : 'मेसेज 11, 2 आणि 6 वाजता बघतो. तातडीचं असेल तर फोन करा.' रिंग चालू, मेसेजचा आवाज बंद. ज्याला खरंच घाई असते, तो फोन करतोच.

माप का चुकतं, तेही सांगतो. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा थोडा भाग आधीच्यातच अडकून राहतो. कात्री हातात आणि डोक्यात मात्र 'भाव कमी करा' म्हणणारं गिऱ्हाईक! कापड टेबलावर असेपर्यंत फोन गल्ल्यात टाका.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा. फोन काढून घेतला की आदळआपट करतो, 'थांब की गे आई, शेवटचं एकच' म्हणतो. फोन कायमचाच बंद करू का?
– गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, एकदम तोडू नका, वेळ ठरवा. आणि नियम घरातल्या सगळ्यांना लावा. बाबा सोफ्यावर रील बघतायत आणि पोराला 'पुस्तक घे', हे चालत नाही. सांगली जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद होतात. आपल्याकडे बेळगावजवळच्या हलगा गावानेही 7 ते 9 ही वेळ धरली. जमतं ते सगळं गाव पाळतं म्हणून.

घरी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर एक स्टीलचा डबा ठेवा. सातला सगळ्यांचे फोन त्यात, आजोबांचासुद्धा. पहिले चार-पाच दिवस रडणं वाढेल. चौथ्या दिवशी कंटाळून फोन दिलात, तर 'तासभर रडलं की मिळतो' एवढंच तो शिकेल आणि पुढच्या वेळी सव्वा तास रडेल. त्या वेळेला दुसरं काही हाताशी हवं : कॅरम, सायकल, पोळ्या लाटायला मदत, काहीही.

गेमपायी शाळा, जेवण, झोप सुटली असेल आणि त्याला स्वतःला थांबता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत याच कामासाठी 'शट' क्लिनिक आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी बोलता येतं.

प्रश्न : स्क्रीन काळी-पांढरी केली की फोन कमी बघितला जातो म्हणतात, खरं का?
– वाचक, चिकोडी

उत्तर : थोडाफार फरक पडतो, रंग गेले की रीलची मजा उतरते. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये 'बेडटाइम मोड' उघडा, तिथे 'ग्रेस्केल' मिळेल, रात्री 9 पासून लावा. क्यूआर कोड काळ्या-पांढऱ्यातही स्कॅन होतो, काळजी नको. वहिनीने साडीचा फोटो पाठवून रंग विचारला, तर तेवढ्यापुरतं बंद करा.